प्रायमाक्विन देण्याआधी रक्त तपासा, आरोग्यमंत्री महोदय

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

परवा मुलाचा रिपोर्ट घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गेले होते. त्याला जी६पीडीची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची कमतरता आहे, एवढं केसपेपरवर लाल शाईने लिहा, इतकंच मागणं होतं. "असा रकाना नाही बाई, पुढे व्हा." म्हणून हे जाहीर पत्र.

पावसाळ्यात त्याला व्हायवॅक्स मलेरिया झाला. याच दवाखान्याने प्रायमाक्विन या मलेरियाच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स हातात दिला. आधी जी६पीडी तपासा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन-तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळेजर्द. हिमोग्लोबिन साडेपाच! नाशिकला पोचेपर्यंत पोर माझ्या मांडीवर धापा टाकत होतं. रक्त चढवलं म्हणून वाचलं. तेव्हाचा जी६पीडीचा रिपोर्ट नॉर्मल आला, कारण कमकुवत पेशी फुटून गेल्या होत्या आणि ताज्याच उरल्या होत्या. खरं निदान व्हायला तीन महिने थांबावं लागलं. तोवर घरात ऐकून घेतलं, दोष आईकडून आला म्हणून. हो, एक्स गुणसूत्रावरून माझ्याकडूनच आला. पण ती गोळी मी लिहून दिली नव्हती, साहेब.

यात नवीन काहीच नाही. ग्लुकोजच्या मुख्य वाटेला एक आडवाट आहे, पेन्टोज फॉस्फेट मार्ग. तांबड्या पेशीला स्वतःला वाचवायला लागणारं एनएडीपीएच फक्त तिथूनच मिळतं, आणि त्या वाटेवरचं पहिलंच एन्झाइम म्हणजे जी६पीडी. ते कमी पडलं की प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, अगदी कपाटातल्या डांबरगोळ्याही पेशी फोडतात. हे १९५६ पासून माहीत आहे. जगात सुमारे ४० कोटी लोकांना ही कमतरता आहे. माझा मुलगा काही जगावेगळा नाही.

२०२३ पासून देशात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं मिशन सुरू आहे, ७ कोटी लोक तपासायचे म्हणे. मग आमच्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर बोट टोचताच आहात, तर त्याच बोटाचा आणखी एक थेंब जी६पीडीसाठी घ्यायला कुणी हात धरला आहे? कुंभमेळ्याच्या आराखड्यांत हजारो कोटी दिसतात, आणि ताप आलेल्या आदिवासी पोराला तपासणी न करता गोळी मिळते. गरिबाचं रक्त तुमच्या खात्याला इतकं स्वस्त का वाटतं?

प्रायमाक्विनआधी ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सक्तीची करा. तारीख सांगा, तीही लेखी.

एक आई, नाशिक जिल्हा