साल्हेरच्या माथ्यावरून

नाशिक,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. फेब्रुवारीत सवड काढून तू आणि मुक्ता वडोदऱ्याहून इकडे येणार, हे वाचून फार आनंद झाला. कळसूबाईला जावे की साल्हेरला, असे तू विचारले आहेस. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर लेकीला दाखवावे ही तुझी इच्छा मला समजते, पण माझे मत विचारशील तर साल्हेरच्या किल्ल्यावरच ये. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे अंतर अवघे ७९ मीटरांचे, आणि माथ्यावर उभे राहिल्यावर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कळसूबाईबद्दल माझ्या मनात अढी नाही, तिथल्या देवीच्या छोट्या देवळापाशी वारा अंगावर घेत बसणे मला आजही आवडते. पण सुटीच्या दिवशी लोखंडी शिड्यांच्या तोंडाशी जी रांग लागते ती पाहिली की आपण डोंगर चढतो आहोत की दर्शनाला उभे आहोत असा प्रश्न पडतो. शिवाय साल्हेरबद्दल माझे एक निराळे म्हणणे आहे, आणि ते नीट सांगायचे म्हणूनच एवढे लांबलचक पत्र लिहायला बसलो आहे. डिसेंबरात मी तिथे जाऊन आलो. त्या डोंगरासाठी एके काळी एवढी माणसे का झुंजली, हे पुस्तके वाचून मला जेवढे कळले होते त्याहून किती तरी अधिक त्याच्या माथ्यावर तासभर बसून कळले.

नाशिकहून सटाणा सुमारे ९० किलोमीटर. यशवंतराव महाराज देवमामलेदारांचे गाव ते हेच. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणाऱ्या मामलेदाराचे देऊळ बांधणारे गाव महाराष्ट्रात दुसरे असेल असे मला वाटत नाही. तिथून ताहाराबाद, मग मुल्हेर, आणि त्यापुढे डाळिंबाच्या बागा आणि कांद्याची शेते मागे पडत जाऊन डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. गडावर जायच्या वाटा मुख्यतः दोन, एक वाघांब्याची आणि दुसरी साल्हेरवाडीची. आम्ही वाघांब्याने चढलो आणि साल्हेरवाडीला उतरलो. तुम्हीही तसेच करावे, म्हणजे एकाच फेरीत गडाच्या दोन्ही बाजू पाहून होतील आणि ज्या वाटेने चढलो तीच पुन्हा तुडवण्याचा कंटाळा येणार नाही.

रात्र वाघांब्याला एका घराच्या ओटीवर काढली. जेवायला नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि लसणाची चटणी होती. घरच्या काकू चुलीशी भाकऱ्या करत होत्या, त्यांच्याजवळ मी बराच वेळ बसून राहिलो. नागलीचे पीठ ज्वारीसारखे गार पाण्यात मळून जमत नाही. त्यांनी आधी पातेल्यात पाणी उकळले, त्यात पीठ टाकून झाकण ठेवले, आणि वाफ जिरल्यावर तो काळपट गोळा हाताला चटके बसत असतानाच परातीत मळला. भाकरी थापताना कडा चिरू लागल्या की ओला अंगठा फिरवून त्या मिटवत होत्या. मुक्ताला हे जेवण आवडेल की नाही ते ठाऊक नाही, पण चढाईच्या आदल्या रात्री यापेक्षा योग्य अन्न नाही, हे मी खात्रीने सांगतो.

पहाटे अंधार असतानाच निघालो. गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर घेतला होता. वाट मळलेली असली तरी खालच्या टप्प्यात गुराढोरांच्या वाटा तिला इतक्या ठिकाणी फाटे फोडतात की अनोळखी माणसाने उगीच शहाणपणा करू नये. शेतांच्या बांधावरून, मग विरळ झाडीतून, मग उघड्या धारेवरून चढत आपण साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत येतो. सालोटा हा साल्हेरचा जोडकिल्ला. दोन्हींच्या मध्ये ही एवढीशी खिंड, आणि तिच्या दोन बाजूंना दोन सरळसोट कातळ. खिंडीत वारा एवढा होता की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागत होता. इथे थोडा वेळ बसायला हरकत नाही, पण घाम वाळून थंडी वाजू लागण्याच्या आत उठावे.

खिंडीपासून खरी मजा सुरू होते. कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. एकेक पायरी गुडघ्याएवढी उंच, आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी आणि पावसाने मधोमध झिजून खोलगट झालेली. त्या खोलगटात वाळलेल्या गवताची कुसळे आणि बारीक मुरूम साचून राहतो आणि बूट नेमका त्यावरूनच सरकतो. आमचा वाटाड्या साधी चप्पल घालून होता, पण तो प्रत्येक पाऊल पायरीच्या कडेला, जिथे दगड अजून खरखरीत आहे तिथेच टाकत होता. त्याचे पाहून मीही तसेच चालू लागलो, आणि मग पाय सरकला नाही. मुक्ताला हे आधीच सांगून ठेव. उतरताना तर हे फारच उपयोगी पडते.

पायऱ्या संपल्यावर दरवाजा येतो, आणि दरवाज्यातून आत शिरल्यावर ती आडवी वाट, जिच्यासाठी मी साल्हेर कितीही वेळा करीन. एका हाताला कातळाची भिंत आणि तिच्या पोटात ओळीने खोदलेल्या गुहा, दुसऱ्या हाताला एकदम तुटलेली दरी. वाट रुंद आहे, घाबरण्यासारखे काही नाही, पण दरीकडे पाहत चालू नये. पाहायचे असेल तर थांबून पाहावे. गुहांत डोकावलो तेव्हा आत गारवा होता, जमीन ओलसर होती, आणि तोंडाशी पाकोळ्यांची सारखी ये-जा चालू होती. गुहा ओलांडल्यावर पुन्हा दरवाजे, आणि मग अचानक आपण गडाच्या प्रशस्त पठारावर येतो. एवढ्या उभ्या डोंगरावर एवढी सपाटी असेल हे खालून पाहताना मनातही येत नाही. गंगासागर नावाचा मोठा तलाव, त्याच्या काठी रेणुकामातेचे देऊळ, इकडे तिकडे वाड्यांची जोती, पाण्याची टाकी, आणि मुक्कामाला पुरेल अशी गुहा. फौज या गडावर महिनोन्‌महिने कशी राहत असेल, या प्रश्नाचे उत्तर ते पाणी पाहिल्याबरोबर मिळते.

पठाराच्या वर जो सुळक्यासारखा उंचवटा दिसतो तोच शिखराचा माथा. शेवटचा चढ छातीवर येतो आणि घसाराही आहे, पण तो फार वेळ पुरत नाही. माथ्यावर परशुरामाचे लहानसे देऊळ आहे. परशुरामाने सगळी पृथ्वी दान करून टाकली, मग दान दिलेल्या भूमीवर स्वतः राहायचे कसे म्हणून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो बाण त्याने सोडला तो इथूनच, असे या भागातले लोक मानतात. समुद्र इथून दिसत नाही, त्यामुळे बाण किती लांब गेला याचा हिशेब मुक्ताने करावा. तिला आकडेमोडीची आवड आहे, असे तूच लिहिले आहेस.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. पूर्वेकडे मुल्हेर, मोरा आणि हरगड हे किल्ले एकमेकांना खेटून उभे होते. ईशान्येला मांगी-तुंगीची जोडशिखरे होती, जिथे २०१६ साली ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दक्षिणेकडे दूरवर सप्तशृंगीचा डोंगर आणि त्याच्या शेजारी धोडप. धोडप ओळखायला अगदी सोपा, कारण त्याच्या माथ्याच्या कातळभिंतीत एक खाच आहे, समोरचा दात पडल्यासारखी. आणि पश्चिमेकडे जमीन खाली खाली जात डांगच्या जंगलात मिसळून जाते. तिकडे पाहत असताना वाटाड्या म्हणाला, ते गुजरात. सुधीर, तू ज्या बाजूने येणार ती बाजू इथून अशी डोळ्यांसमोर पसरलेली आहे.

मग मला ते सगळे नकाशासारखे उलगडत गेले. सुरतेचे बंदर एका बाजूला, खानदेश आणि बुऱ्हाणपूर दुसऱ्या बाजूला, आणि मधला रस्ता या बागलाणातून, म्हणजे सटाणा-मुल्हेरच्या या मुलखातून जाणारा. ज्याच्या हाती हे गड, त्याच्या हाती ती वाट. म्हणूनच औरंगजेबाने दख्खनचा सुभेदार असताना १६३८ साली बागुल राजांकडून बागलाण घेतले. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर गेले तेव्हा परतीची वाट बागलाणातूनच होती, आणि पुढे वणी-दिंडोरीच्या परिसरात मोगलांनी ती अडवल्यावर मोठी लढाई झाली. त्यानंतर काही महिन्यांतच, १६७१ च्या प्रारंभी, महाराजांनी साल्हेर घेतला. पुस्तकात या घटना एकाखाली एक येतात आणि आपण त्या सनावळी म्हणून पाठ करतो. माथ्यावर बसल्यावर मात्र त्या एकमेकींना धरूनच येतात, कारण सुरतेहून परतणाऱ्या फौजेला पाठीमागे आधार हवा असेल तर तो कुठे हवा, हे बोट दाखवून सांगता येते.

मोगलांनी अर्थातच वेढा घातला. तो मोडण्यासाठी प्रतापराव गुजर घाटावरून घोडदळ घेऊन आले आणि मोरोपंत पिंगळे कोकणातून पायदळ घेऊन आले. फेब्रुवारी १६७२ मध्ये गडाच्या पायथ्याच्या मुलखात जी लढाई झाली, ती मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेशी उघड्या रानात समोरासमोर लढून जिंकलेली पहिली मोठी लढाई म्हणून सांगितली जाते. मोगल सरदार इखलासखान मराठ्यांच्या हाती लागला. मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे या लढाईत पडले, आणि सभासदाच्या बखरीत त्यांना महाभारतातल्या कर्णाच्या तोडीचा योद्धा म्हटले आहे. त्याच बखरीत धुरळा असा उडाला की तीन कोसांत आपला कोण आणि परका कोण ते दिसेना, असे वर्णन आहे. पूर्वी मला ती बखरकाराची अतिशयोक्ती वाटत असे. पण माथ्यावरून खालचा तो कोरडा, माळरानाचा मुलूख पाहिला, एक ट्रॅक्टर कच्च्या रस्त्याने जाताना मागे किती धूळ सोडतो तेही पाहिले, आणि हजारो घोडी तिथे उधळली तर काय होईल याचा अंदाज आला. लढाईचा महिना फेब्रुवारी आणि तुम्ही येणारही फेब्रुवारीतच, तेव्हा रान साधारण त्याच रंगाचे असेल.

गेल्या वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत साल्हेर आहे, हे तू वाचले असशील. मला याचा अभिमान वाटतो आणि थोडी धास्तीही वाटते. त्या झिजलेल्या पायऱ्यांवर कोणी सिमेंट ओतू नये आणि गुहांच्या आडव्या वाटेला स्टीलचे चकचकीत कठडे लावू नयेत, एवढीच इच्छा आहे. गडाची डागडुजी जरूर व्हावी, पण ती डोळ्यांत भरू नये. म्हणूनही म्हणतो, लवकर ये.

उतरताना साल्हेरवाडीची वाट घ्यायची. या बाजूलाही एकापाठोपाठ दरवाजे आहेत आणि त्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे. उतार मात्र लांबलचक आहे आणि दुपारच्या उन्हात सावली मिळत नाही. तुझ्या गुडघ्यांचा विचार करून सांगतो, काठी आण. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, आणि बॅगेत एक गरम कपडा. फेब्रुवारीतही पहाटे खिंडीत थंडी वाजते. वरच्या टाक्यांतले पाणी उकळूनच प्यावे. चढायला तीन-चार तास धरून चाल, आणि मुक्ता पुढे पळाली तरी तू तिच्या वेगाने जाऊ नकोस.

तू गाडीने डांगमधल्या आहव्याच्या बाजूने येणार असशील तर मला न्यायला नाशिकपर्यंत येण्याची काही गरज नाही. मी आदल्या दिवशी एसटीने सटाण्याला आणि तिथून मिळेल त्या वाहनाने वाघांब्याला पोहोचतो. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. तारीख नक्की झाली की लगेच कळव, म्हणजे त्या काकूंना जेवणाचा आणि वाटाड्याला सोबतीचा निरोप देऊन ठेवता येईल. मुक्ताला नागली नकोच असेल तर तसेही कळव, तांदळाची भाकरी करायला सांगतो.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव