यंदा आधी विचारून घेते

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

सुट्टीचे, गर्दीचे दिवस जवळ आले, आणि माझं परदेशातून घरी येणंही. फोनवर निवांत बोलणं होत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. बाबांना आणि दादा-वहिनीलाही वाचून दाखव.

मागच्या खेपेला सगळ्यांच्या भेटवस्तू मी दोन संध्याकाळींत उरकल्या होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, रांग संपत नाही, आणि हातात येईल ते टोपलीत. वहिनीचा हेअर ड्रायर त्यातलाच. पहिल्याच दिवशी जळका वास येऊन तो बंद पडला आणि आपल्या हातून बिघडला म्हणून ती हळहळत बसली. तिला सांग, चूक माझी होती. इथली वीज १२० व्होल्टची, घरची २३०. सोबत अडॅप्टर दिला की झालं, असं मला वाटलं. पण अडॅप्टरमुळे फक्त पिन बसते, व्होल्टेज बदलत नाही. तापणाऱ्या उपकरणाला जवळपास दुप्पट व्होल्टेज मिळालं की ते जवळपास चौपट वीज ओढतं. आग लागली असती, या विचाराने अजून धस्स होतं. आता मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय विजेची वस्तू घेत नाही. ‘१००-२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तरच ती दोन्हीकडे चालते.

त्यानंतर एक वाचनात आलं, ते मनातून जात नाही. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली एक अभ्यास छापला. त्याने विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं होतं, की भावनेचा भाग सोडला तर ही वस्तू तुम्हाला केवढ्याची वाटते? उत्तरं खऱ्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी आली. मित्रमैत्रिणींच्या भेटी बऱ्यापैकी बरोबर बसलेल्या, लांबच्या नातेवाइकांच्या सर्वांत जास्त चुकलेल्या. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आई, इतकी वर्षं बाहेर राहून मीही तुमच्यासाठी तशीच लांबची होत चाललेय का? तुला आता कुठला रंग आवडतो, हे मला खरंच सांगता येणार नाही.

म्हणून यंदा अंदाज नको. प्रत्येकाने दोन-तीन गोष्टी लिहून कळवा. ‘काही नको गं, तू ये’ हे उत्तर चालणार नाही. काही नको असेल तर काय जास्तीचं होऊन पडलंय ते लिही, निदान तेच पुन्हा आणणार नाही. आणि खरोखरच तिथे चांगलं मिळत असेल तर मी पैसे पाठवते, तुम्ही निवडून घ्या. वस्तू समुद्रापार आणली म्हणजे ती जास्त मायेची होते, असं मला आता वाटत नाही. शिवाय वॉरंटी बहुतेक वेळा घेतलेल्या देशापुरतीच असते. आणि माप चुकलं तर बदलून घ्यायला इथल्या दुकानात कोण येणार?

सेलच्या पाट्यांनाही मी भुलणार नाही. यादी हातात आली की महिनाभर आधीपासून किमती वहीत टिपून ठेवेन. खोडलेला जुना आकडा मोठा दिसतो, पण वस्तू खरंच त्या भावाने विकली जात होती का, हे वहीतूनच कळेल. सगळ्यांचा मिळून खर्च किती करायचा तेही आधीच ठरवलंय. क्रेडिट कार्डाचे हप्ते पुढचे सहा महिने फेडत बसायचं नाही.

दादाची पॉवर बँक लक्षात आहे. ती मोठ्या बॅगेत टाकता येत नाही, विमानात जवळच ठेवावी लागते, आणि १०० वॅट-अवरपर्यंतचीच सहज नेऊ देतात (वॅट-अवर म्हणजे तिच्यात किती वीज साठते त्याचं माप). २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे ती चालेल. यंदा काहीही कागदात गुंडाळून आणणार नाही, तपासणीत उघडायला लावतात. कागद घरी आल्यावर आपण दोघी लावू.

बाबांच्या बुटांसाठी नंबर नको, प्रत्येक देशात तो वेगळा असतो. त्यांना कोऱ्या कागदावर उभं करून दोन्ही पावलांच्या कडेने पेन्सिल फिरव आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये लिही. दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हा हे संध्याकाळीच कर.

तुझी,
धाकटी