आई-बाबा, वेताळाला उत्तर कोण देणार?

प्रिय आई आणि बाबा,

नमस्कार. फोनवर रोज बोलणं होतं खरं, पण ते बीपीच्या गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का, बाबांनी डोळ्यात ड्रॉप घातले का यातच संपतं, आणि जे सांगायचं असतं ते राहूनच जातं म्हणून आज लिहायलाच बसलेय.

बाबा, चांदोबा मासिकाचे जुने अंक कुणीकुणी स्कॅन करून नेटवर टाकलेत. मला हे आत्ता कळलं आणि गेले काही दिवस इकडे सगळे झोपले की मी लॅपटॉपवर तेच वाचत बसते. मुखपृष्ठं जशीच्या तशी आहेत. फक्त डब्याच्या तेलाचा गोल डाग नाही. तुम्ही स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून अंक घ्यायचात आणि गर्दीत चुरगळू नये म्हणून गुंडाळी करून डब्याच्या पिशवीत खोचायचात, आणि डोंबिवलीला उतरेपर्यंत विक्रमराजाच्या मुकुटाला लोणच्याचं तेल लागलेलं असायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक अंकावर तो डाग होता, त्यामुळे मला कितीतरी वर्षं वाटायचं की चांदोबा छापतानाच तसा छापतात.

ती चित्रं काढणाऱ्या शंकर यांच्याबद्दलही वाचलं. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, पायाशी कवट्या आणि राजा कुठेतरी मागे वळून बघतोय, ते चित्र त्यांचं. त्यांनी कितीतरी वर्षं चांदोबात काम केलं, 2020 मध्ये गेले आणि नंतर 2021 ला पद्मश्री मिळाली. आता नीट बघितल्यावर कळतं की आपल्या राजांच्या मागे कायम गोपुरं का असायची, मासिक मद्रासच्या वडपलनीतनं यायचं ना. 1947 ला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि 1952 पासून मराठीत. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की राजे जिथे राहतात तिथली देवळं आपल्या गणपतीच्या देवळापेक्षा उंच असतात.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. बाबा, तुम्ही वेताळाची गोष्ट वाचताना उत्तराच्या आधी थांबायचात. रात्री जेवणं झाली की आई दुसऱ्या दिवसाची मेथी निवडत बसलेली, मंदार तिच्या मांडीला टेकलेला, मी तुमच्या पाठीमागून पानात डोकावायचा प्रयत्न करतेय, आणि वेताळ राजाला विचारतो की सांग, यात खरा त्यागी कोण, आणि तुम्ही तिथेच अंक मिटून टाकायचात, मध्ये बोट ठेवून. मग म्हणायचात, "हं, बोला. माहीत असून गप्प बसलात तर डोक्याची शकलं होतील." आणि आम्ही दोघं तुटून पडायचो! मंदारचं उत्तर कायम राजाच्या बाजूचं, माझं कायम चोराच्या. कारण सांगितल्याशिवाय तुम्ही उत्तर धरायचाच नाहीत. नुसतं "मला वाटतं" म्हटलं की लगेच "का वाटतं?" आणि मग ते का शोधता शोधता झोप उडायची. राजाचं उत्तर तुम्ही सगळ्यात शेवटी वाचायचात आणि ते आमच्यापेक्षा वेगळं निघालं तरी आम्ही चुकलो असं कधी म्हणाला नाहीत, "हे राजाचं झालं" एवढंच.

आई, तुझं उत्तर मात्र आम्ही सगळेच जपून ठेवायचो. ती डोकी बदललेली गोष्ट आठवते का तुला? ती चांदोबातली नव्हती, बाबांनी वाचनालयातनं वेताळ पंचविशीचं पुस्तक आणलं होतं त्यातली होती. एका बाईचा नवरा आणि तिचा भाऊ दोघंही देवीपुढे स्वतःची डोकी उतरवतात, देवी प्रसन्न होते, म्हणते धडांना डोकी लाव आणि ती बिचारी घाईघाईत नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर लावते, भावाचं नवऱ्याच्या. आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो, नवऱ्याचं डोकं ज्याच्यावर तो, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ. तू मेथीची जुडी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "भाकरी काय डोक्यानं थापतात? हाताला आपलं आपलं कळतं. ज्या हातानं त्यानं तिला सांभाळलं ते हात कुठे गेले ते आधी विचारा राजाला." बाबा, तुम्ही कितीतरी वेळ पुस्तक उघडलंच नाहीत. मला आजही त्या प्रश्नाचं राजाचं उत्तर पटत नाही आणि ते तुझ्यामुळे.

नंतर मोठेपणी कळलं की या सगळ्या गोष्टी सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहेत, अकराव्या शतकातल्या, काश्मीरमधल्या. म्हणजे जवळजवळ हजार वर्षं लोक हाच प्रश्न एकमेकांना विचारत आलेत. आणि मूळच्या पंचवीसच, पण चांदोबानं ती चौकट घेऊन तिच्यात नव्या नव्या गोष्टी घालत वर्षानुवर्षं वेताळाला बोलतं ठेवलं! किती छान डोकं लढवलं ना कुणीतरी.

टीव्हीवर विक्रम और बेताल लागायला लागलं तेव्हा तर विचारूच नका. आपला तो शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट, शेजारची पोरं चपला दारात काढून आत रांगेत बसलेली, आणि पांढऱ्या केसांचा तो वेताळ हसला की मंदार दाराच्या मागे. वेताळाचं काम सज्जन नावाचे नट करायचे आणि राजा अरुण गोविल. मग जानेवारी 1987 मध्ये रामायण सुरू झालं आणि बघतो तर तोच राजा राम झालेला, दीपिका आणि सुनील लहरी पण तेच, रामानंद सागरांनीच दोन्ही केलेलं. मंदारनं फार काळजीनं विचारलं होतं की रामानं वेताळाला कुठे ठेवलं. आई, तू त्याला हसली नाहीस, म्हणालीस की झाडावर परत गेला, राजाला आता वनवासाला जायचंय. किती साधं उत्तर, आणि तो शांत झोपला.

किलबिल होतं, गोट्या होतं, त्या गोट्याच्या टायटल साँगचं बीज अंकुरे अंकुरे अजूनही भांडी लावताना माझ्या तोंडात येतं. फुरसुंगीच्या फास्टर फेणेची पुस्तकं पण होतीच, त्यांच्यावर एक वेगळं पत्र लिहीन. आज नाही.

आज महाभारत. ते 2 ऑक्टोबर 1988 ला सुरू झालं, आणि मला त्यातलं युद्ध फारसं आठवत नाही, आठवतो तो द्यूताचा भाग आणि त्यानंतरची आपल्या घरातली दुपार. द्रौपदी सभेत प्रश्न विचारते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, आणि स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क उरतो का. रूपा गांगुली काय बोलली होती ते! आणि सगळी सभा माना खाली घालून. मी बाबांकडे बघितलं कारण मला सवयच होती, आता बाबा थांबतील आणि विचारतील. टीव्ही थोडाच थांबणार होता. पण एपिसोड संपल्यावर तुम्ही बटण बंद केलंत आणि खरंच विचारलंत, "बोला, हक्क उरतो का?" शेजारचे काका-काकू पण बसलेले, तेही वादात पडले, कुणी म्हणे नवरा दास झाला तरी नवराच, कुणी म्हणे छे. जेवायला केवढा उशीर झाला त्या दिवशी. आणि आई, तू स्वयंपाकघरातनं एवढंच बोललीस, "भीष्मांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. मग त्यांच्या डोक्याची शकलं का नाही झाली?"

आई, मी पुढे महाभारतावर बरंच वाचलं, विद्वानांचं वाचलं, पण वेताळाची अट उचलून थेट भीष्मांना लावलेली मी अजून कुठे बघितली नाही. हे मी तुला कधी बोलले नव्हते म्हणून आज मुद्दाम लिहितेय.

बाबा, पंचविशीतली शेवटची गोष्ट तुम्ही आम्हाला बरीच वर्षं वाचून दाखवली नव्हती. बाप आणि मुलगा वाळूत दोघी मायलेकींची पावलं बघतात, ठरवतात की लहान पावलांची ती मुलाची बायको आणि मोठ्या पावलांची ती बापाची, आणि निघतं उलटंच, लहान पावलं आईची असतात. मग होणाऱ्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? मी आठवी-नववीत असताना एकदाची वाचलीत, आणि नेहमीसारखं बोट ठेवून थांबलात. आम्हाला काही येईना. तुम्ही म्हणालात, राजालाही आलं नाही, तो गप्प चालत राहिला, आणि म्हणूनच वेताळ त्या वेळी उडाला नाही. दहावीच्या अभ्यासात अडले की तुम्ही याची आठवण द्यायचात, येत नसेल तर गप्प चाल, थांबू नकोस. मी अजून तसंच करते. ऑफिसात मीटिंगमध्ये लोक माहीत नसताना रेटून बोलतात तेव्हा मला फार तुमची आठवण येते.

त्या काळात किती घरांत सांगायचे, गोष्टीबिष्टी पुरे, अभ्यास करा. भुताखेतांच्या पुस्तकांनी पोरं बिघडतात असं तोंडावर सांगणारे तुमचेच मित्र होते. तुम्ही दोघांनी कधी चांदोबा हातातनं काढून घेतला नाहीत, उलट महिनाअखेरीला पैसे नसले की रद्दीवाल्याकडून जुने अंक आणायचात. त्यासाठी मी किती आभारी आहे हे मला नीट सांगता येत नाहीये.

तर आता काम. चांदोबा बंद पडून दहा वर्षांच्या वर झाली पण स्कॅन आहेत, मी त्यातल्या वेताळाच्या काही गोष्टी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून कुरिअर करतेय. बाबा, दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल लावते, तुम्ही अन्वीला एक गोष्ट वाचून दाखवायची आणि उत्तराच्या आधी थांबायचं. दम लागला तर अर्धीच वाचा, उरलेली पुढच्या रविवारी, तिला थांबायची सवय होऊ दे. आई, तू कॅमेऱ्यात दिसशील अशी बस, भाजी निवडत बसलीस तरी चालेल.

आणि अन्वीनं काल एक विचारलंय. माहीत असून गप्प बसला तर डोकं फुटणार, बोलला तर वेताळ उडणार, हे तिला कळलं. पण राजाला उत्तर माहीत नसताना तो उगाच काहीतरी ठोकून बोलला तर काय होतं? मला सांगता आलं नाही. रविवारपर्यंत दोघांनी विचार करून ठेवा, आणि आई, बाबांना आधी बोलू दे.

तुमची,
माई