माहेरी निघालेल्या लेकीसोबत तिचं कार्ड द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे. रोहिणी संपत आल्या, मृग तोंडावर आहे. एकदा लावणीची घाई सुरू झाली की घरातल्या पोटुशी बाईकडं कुणाचं लक्ष राहत नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे. सांगणं एवढंच, की बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या लेकीसोबत तिच्या तपासण्या लिहिलेलं कार्ड द्या. आपण छापलंत तर खानापूर, बेळगाव, निपाणी आणि पलीकडं चंदगड-गडहिंग्लजपर्यंत, ज्या घरात पहिलं बाळंतपण आहे तिथं हे पोचेल.

आपल्याकडं सोयरीक कधी राज्याची हद्द बघून झालेली नाही. उचगावची लेक शिनोळीत नांदते, तुडयेची लेक बेळगावात. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुली दोडामार्गला दिल्या आहेत, गोव्यात वाळपई-साखळीला दिल्या आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. आईच्या घरी पोरीला झोप मिळते, हवं ते मागून खाता येतं, रात्री पोटात दुखलं तर सांगायला लाज वाटत नाही. ती रीत मोडा असं मी मुळीच म्हणत नाही.

पण होतं काय? सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी गाडीत बसते. सासरच्या गावची आशा आपल्या वहीत तिच्या नावापुढं ‘माहेरी गेली’ असं लिहिते. माहेरच्या आशाला ती आल्याचं कळतं ते कुणाच्या तरी लग्नात भेट झाली म्हणून, नाहीतर थेट कळा सुरू झाल्यावर रात्री फोन येतो तेव्हा. मधले दोन-अडीच महिने ती कुणाच्याच वहीत नसते. एकाच तालुक्यात माहेर असलं तर आम्ही आशा एकमेकींना फोन करून माग काढतो. राज्य बदललं की ओळखही नसते आणि नंबरही नसतो.

आपल्या देशात बाळंतपणाआधी निदान चार तपासण्या व्हायला पाहिजेत असा नियम आहे. पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26 आठवड्यांत, तिसरी 28 ते 34 आठवड्यांत आणि चौथी 36 आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना तर 2016 पासून आठ वेळा तपासा म्हणते. आता हिशेब करून बघा. चारपैकी शेवटच्या दोन तपासण्या नेमक्या माहेरपणात येतात, आणि त्याच बुडतात. बीपी चढणं, रक्त कमी होणं, मूल आडवं किंवा पायाळू असणं, पोट वाढायचं थांबणं, हे सगळं जास्त करून याच काळात दिसतं.

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांतली गोष्ट सांगते. चंदगड तालुक्यात दिलेली आमच्या गावची एक लेक आठव्या महिन्यात माहेरी आली होती. मी शेजारच्या घरी बाळाच्या डोसाचं सांगायला गेले होते म्हणून ती मला दिसली. चेहरा फुगलेला, हाताची बोटं सुजलेली, ओटीभरणीचा हिरवा चुडा मनगटात रुतलेला. विचारलं तर म्हणाली, “दोन दिवस डोकं लई दुखतंय ओ आक्का, झोप नाही म्हणून असंल.” आजी आतून बोलली, “पहिल्या खेपेला पाय सुजत्यातच की!” पायांचं आजीचं म्हणणं खोटं नाही. शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी घोट्याला थोडी सूज पुष्कळ जणींना येते. पण तोंडावर आणि हातावर अचानक आलेली सूज, त्यात न थांबणारी डोकेदुखी, म्हणजे आधी बीपी बघायचं. सिस्टरनी बघितलं तर 160 वर 110. लघवीत प्रोटीन निघालं.

तिला बेळगावला हलवलं. तिथं डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कार्डाचा. बीपी आधीपासूनचं की आत्ता चढलेलं? रक्तगट कोणता? मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन किती होतं? सोबत आलेल्या आई-काकांना एकाचंही उत्तर देता येईना. कार्ड सासरी ट्रंकेत होतं. नवरा पुण्याला कामावर, त्याचा फोन लागेना. मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ ती पोरगी डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणत पडून. झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी सिझर करून मुलगा बाहेर काढला. दोघंही आज बरे आहेत. पण ज्या दिवशी मी त्या गल्लीत गेले नसते, त्या दिवसाचा विचार अजून माझ्या मनातनं जात नाही.

म्हणून माझी सगळ्या सासूबाईंना हात जोडून विनंती आहे. ओटीत नारळ-तांदूळ घालता तसं तिचं कार्डही घाला. आपल्याकडं कर्नाटकात त्याला तायी कार्ड म्हणतात, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. त्यासोबत स्कॅनिंगचे रिपोर्ट, रक्त-लघवीचे कागद, आधार, बँकेचं पासबुक आणि उरलेल्या गोळ्या. पावसाचे दिवस आहेत, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून नवऱ्याच्या आणि मुलीच्या भावाच्या मोबाईलवर ठेवा. साखरेची तपासणी 24 ते 28 आठवड्यांत, ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी करतात, ती माहेरी जायच्या आधीच उरकून घ्या. आणि माहेरच्यांनो, लेक आली की पहिल्याच आठवड्यात गावच्या आशाला नाहीतर अंगणवाडीच्या बाईंना निरोप द्या. तिचं लग्न कुठल्या राज्यात झालंय हे आम्हाला महत्त्वाचं नाही, आम्ही तपासणीला नेणारच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर स्वतः गरोदर बायकांची फुकट तपासणी करतात, ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

कधी थांबायचं नाही, हेही इथंच लिहिते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी किंवा ठिणग्या, बरगडीखाली जोराचं दुखणं, झटका, कितवाही महिना असो अंगावरून रक्त जाणं, कळांशिवाय पाणी जाणं, ताप, दम लागणं, पोटात मूल हलायचं कमी होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन लावा. मूल हलत नाही म्हटल्यावर ‘गोड खाऊन बघ, झोपून बघ’ असं सांगत दिवस काढलेली घरं मी बघितली आहेत. तसं करू नका.

रक्त कमी असणं हा आमच्या भागातला जुनाच रोग आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणायचं, 7 च्या खाली गेलं तर दवाखान्यात दाखल करायचं. रक्ताच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस घ्यायच्या असतात. गोळीनं शी काळी होते, कधी मळमळतं, म्हणून पोरी गुपचूप सोडून देतात. शी काळी होणं हे घाबरायचं कारण नाही. रात्री जेवून थोड्या वेळानं गोळी घेतली तर मळमळ कमी होते. चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगाला लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, दोन्ही एकदम नाही. नाचणीची आंबील, राजगिऱ्याची भाजी, शेंगदाणे, मटकी, अंडं, नदीतले मासे हे तर आपल्या घरातलंच खाणं आहे. फक्त तिच्या ताटात ते शेवटी उरलेलं पडू नये. आणि दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही समजूत सोडा. मुलाचा मेंदू आणि पाठीचा कणा अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो. फॉलिक ॲसिडची गोळी तेव्हाच पोटात जायला पाहिजे, खरं तर मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच.

बाळंतपणात सगळ्यात जास्त भीती वार पडल्यानंतर होणाऱ्या रक्तस्रावाची. इथं मला आपल्या जिल्ह्याचं एक काम अभिमानानं सांगायचं आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत 2002 ते 2005 मध्ये आपल्याच खेड्यांतल्या 1620 बायकांवर एक अभ्यास केला. बाळंत झाल्या झाल्या गावच्या सिस्टरनी निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. औषध मिळालेल्यांत जास्त रक्त जाणाऱ्या बायका शंभरात बारावरून साधारण सहावर आल्या. 2006 साली हे जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. आपल्या गावांतल्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या बायांनी त्या अभ्यासात भाग घेतला म्हणून जगभरातल्या बायकांना त्याचा उपयोग झाला. तरीही ही गोळी घरी बाळंतपण करायची परवानगी नव्हे. रक्त जायला लागलं तर जीव वाचवायला हाताशी वेळ थोडाच असतो, म्हणून दवाखानाच गाठायचा. सरकारी दवाखान्यात 2011 पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. जुळणाऱ्या रक्तगटाची दोन माणसं आणि रात्री उठून येईल अशी एक गाडी आठव्या महिन्यातच सांगून ठेवा.

बाळाच्या तयारीला फार काही लागत नाही. जुन्या मऊ सुती लुगड्याचे धडपे धुऊन उन्हात वाळवून ठेवायचे, ते काम पाऊस लागायच्या आधीच करा, जुलैत आमच्याकडं काहीच वाळत नाही. टोपडं आणि पायमोजे हवेत. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं, सिझर झालं असलं तरी लवकरात लवकर. पहिलं घट्ट पिवळं दूध पिळून टाकू नका, तीच बाळाची पहिली लस. मध, गुळाचं पाणी, घुटी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी आंघोळ नको. नाळेला हळद, तेल, राख लावू नका, कोरडी राहू द्या. डोळ्यांत काजळ घालू नका. बाळंतिणीला तहान मारायला सांगतात ते तर फारच वाईट, तिला पोटभर पाणी आणि पोटभर जेवण द्या. शेक-शेगडीबद्दल मी बायकांशी भांडून दमले, तरी पुन्हा सांगते: दार-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिचा वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही, पण तो माय-लेकरं दोघांचा जीव घेऊ शकतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येऊन बाळाचं वजन, ताप, दूध ओढणं बघते. बाळंतीण गावात आहे हे आम्हाला माहीतच नसेल, तर आम्ही कुठल्या दारात जायचं?

आता सरकारी अधिकाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चंदगड, दोडामार्ग, बेळगाव आणि खानापूर या तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सीमेवरच्या गावांतल्या आशांचे आणि सिस्टरांचे फोन नंबर एकमेकांना द्यावेत. त्याला बैठक लागत नाही, निधी लागत नाही. एखादी माहेरी निघाली की तिच्या कार्डावरचा नंबर आणि बाळंतपणाची तारीख पलीकडं कळवायची, एवढंच काम आहे.

दुसरी गोष्ट भीमगडच्या जंगलातल्या गावांची. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव. पावसात ओढे भरले की तिथून आजारी माणसाला खांद्यावर घालून आणावं लागतं, हे आपल्या वाचकांना नवं नाही. अशा वाटेनं कळा सुरू झालेल्या बाईला आणायची वेळच येऊ नये. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ नावाची योजना आहे. दूरच्या पाड्यांवरच्या बायकांना दिवस भरायच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत आणून ठेवतात, सोबतच्या माणसाचीही सोय करतात. तशी एक खोली, दोन खाटा आणि स्वयंपाकाची सोय या पावसाळ्यात खानापूरला किंवा जांबोटीला व्हावी. जून ते सप्टेंबरमध्ये जंगलातल्या कुठल्या गावात कुणाचे दिवस भरतात ते तिथल्या आशांच्या वहीत लिहिलेलं आहे. आरोग्य खात्यानं ती यादी या आठवड्यातच मागवून घ्यावी.

आपली,
एक आशा कार्यकर्ती, खानापूर तालुका
(नाव छापू नये, ही विनंती.)