ऑनलाइन सुनावणीला एक दुभाषी पुरत नाही

महोदय,

23 सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन येतो आणि टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत हात हलवणाऱ्या दुभाष्याचे कौतुक होते. यंदा कौतुक थोडे कमी झाले तरी चालेल, पण ऑनलाइन सुनावणी-बैठकीसाठी दुभाषी नेमण्याचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) कुणीतरी उघडून वाचावा. पुष्कळदा त्यात 'सांकेतिक भाषा दुभाषी : 1' एवढेच लिहिलेले असते. बैठक दोन तास चालणार की चार, विषय कोणता, कागदपत्रे कधी मिळणार, याचा पत्ता नसतो.

चालू वाक्य कानाने ऐकायचे आणि त्याच वेळी आधीचे वाक्य हातांनी सांगायचे, असे हे काम. साधारण वीस-तीस मिनिटांनंतर चुका वाढू लागतात आणि थकलेल्या दुभाष्याला त्या स्वतःला कळतही नाहीत. म्हणूनच लांबलचक कामाला दोघे घेतात आणि ते दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलतात. ज्याची पाळी नाही तोही चहा पीत बसलेला नसतो. आकडे, आडनावे, सुटलेला शब्द तो पहिल्याला पुरवत असतो.

स्क्रीनमुळे हा ताण वाढतो. आपल्या सांकेतिक भाषेत नकार आणि प्रश्नार्थक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. तिथेच व्हिडिओ अर्धा सेकंद अडकला, तर 'गोळी घेतली नाही'चे 'गोळी घेतली' होते. डॉक्टरांशी बोलणे चालू असताना हा फरक किती महागात पडेल, ते सांगायला नको. म्हणून दुभाषी पुन्हा विचारतो, डोळे ताणून बघतो, ओठ आणि भुवया वाचतो. पलीकडची बधिर व्यक्ती बऱ्याचदा एका हातात मोबाइल धरून उरलेल्या हाताने बोलत असते, आणि आपली बोटांची वर्णमाला तर दोन्ही हातांची! मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा, एवढे सांगण्यातच पहिली दोन मिनिटे जातात. शिवाय मीटिंगचे अ‍ॅप आवाज येईल त्याला मोठे करून दाखवते. बधिर व्यक्तीचा आवाज येत नाही, त्यामुळे तिची चौकट पिन केली, म्हणजे स्क्रीनवर कायम ठेवली, नाही तर ती दुसऱ्या पानावर जाते.

शरीराचे हालही वेगळेच. हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाऊ नयेत म्हणून कोपरे अंगाशी आवळून, छातीपुढच्या हातभर जागेत तासन्‌तास खुणा करायच्या. मनगट, खांदा आणि मान धरते. बिनहाताची खुर्ची, छातीच्या उंचीवर कॅमेरा, समोरून उजेड आणि वायफायऐवजी केबल असली की त्रास बराच कमी होतो. हा खर्च मात्र दुभाष्याच्याच खिशातून जातो. मानधन मिनिटांवर, तयारीचा वेळ हिशेबात नाही, सुनावणी पुढे ढकलली तर दिवस फुकट.

सगळ्यात कमी बोलले जाते ते मनावरच्या ओझ्याबद्दल. दुभाषी प्रथमपुरुषी बोलतो. पीडितेचा जबाब असेल तर 'त्याने मला मारले' हे वाक्य त्याच्या तोंडून निघते. प्रत्यक्ष कामात निदान पोलीस ठाण्यातून घरी येईपर्यंतचा रस्ता तरी असतो. ऑनलाइनमध्ये तो कॉल संपतो आणि दोन मिनिटांत दुसरा वाजतो, बँकेच्या केवायसीचा. गोपनीयतेमुळे घरात कुणाशी बोलायचीही सोय नाही.

कायद्यात कमतरता आहे असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 12 मध्ये साक्ष आणि युक्तिवाद त्या व्यक्तीच्या पसंतीच्या भाषेत नोंदवण्याची सोय अपेक्षित आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाष्यामार्फत घेऊन त्याचे चित्रीकरण करावे, असे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 125 सांगते. सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर 2023 मध्ये बधिर वकील अ‍ॅडव्होकेट सारा सनी दुभाष्यासह ऑनलाइन हजर झाल्या, तेव्हा दुभाष्याला स्क्रीनवर जागा मिळावी म्हणूनही विनंती करावी लागली होती. ती जागा आता मिळते. पण तिथे बसलेला माणूस किती वेळ टिकेल, याबद्दल कार्यादेशात अक्षर नाही.

तासाभरापेक्षा मोठ्या कामाला दोन दुभाषी, कागदपत्रे आदल्या दिवशी, जोडणी तपासायला पंधरा मिनिटे, जबाबासारख्या कॉलनंतर सक्तीची विश्रांती आणि किमान तासांचे मानधन, एवढे निविदेतच लिहावे. दुसऱ्या दुभाष्याचा खर्च परवडत नाही, हे उत्तर आम्ही ऐकून आहोत. चुकीचा जबाब नोंदवून साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा खर्च कुणी मांडला आहे का?

हे होईल तेव्हा होईल. तोवर बैठकीच्या अध्यक्षांनी दर वीस मिनिटांनी आपणहून पाच मिनिटे थांबावे. दुभाष्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. 'हात वर करा'चे बटण दाबायला त्याच्याकडे तिसरा हात नाही.

— काही सांकेतिक भाषा दुभाषी, पुणे व मुंबई