फोटोतल्या बांगड्या

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू "बरंय बरंय, ठेव आता, बिल चढतंय" म्हणतेस (आता कुठं बिल चढतं, आई) आणि बाबा स्पीकर लावून मधेच हरभऱ्याचा भाव सांगतात. म्हणून लिहितेय. बाबा, वाचून तुम्हीच दाखवणार. एकही ओळ गाळायची नाही.

आधी ठरलंय ते सांगते. सोमवारपासून सकाळी साडेसातला गिरणीजवळच्या वहिनी घरी येतील. नाष्टा करतील, भांडी घासून जातील. दोन महिन्यांचे पैसे मी देऊन टाकलेत, त्यामुळं "नको म्हणून सांग तिला" हा रस्ता बंद. दादाला विचारलंय. तो म्हणाला, तूच सांग, मला ओरडतील.

आता कारण. मागच्या गुरुवारी घरच्या ग्रुपवर नाष्ट्याचे फोटो सुरू झाले. नांदेडच्या काकूंची इडली आली, हैदराबादहून आपल्या वहिनीचे ओट्स आले (बाबा, त्याखाली तुम्ही "म्हशीला घालता का" लिहिलंय ते काढा, तिला लागलंय) आणि शेवटी तुझी मुरमुऱ्यांची सुशीला. सगळ्यांनी अंगठे दाखवले, मीही दाखवला. दुपारी डबा खाताना तो फोटो पुन्हा मोठा करून बघितला. उगाच. ताटाच्या कडेला तुझा हात होता आणि हातात हिरव्या बांगड्या.

आई, त्या बांगड्या तर श्रावणात प्लास्टर घालताना कापल्या. सूज आहे म्हणून त्यानंतर तू त्या हातात काही भरलंच नाहीस.

मग प्लास्टरनंतर तू टाकलेले फोटो मागं मागं बघत गेले. सांजा गेल्या वर्षीचा. धपाटी मी आले होते तेव्हाची, मागं खुंटीला माझीच पिशवी लटकायली. बाबांना सरळ विचारलं तर ते आधी खाकरले, मग म्हणाले, "चहा-बटर असतं की." श्रावणापासून नुसता चहा आणि बेकरीचा कडक बटर!

रागावले नाही गं. तू खोटं बोललीस असंही मला म्हणायचं नाही. काकू विचारणार "आज काय केलं?" आणि त्याखाली तू "काही नाही" लिहायचं, हे तुला होणार नाही. मलाच आधी कळायला पाहिजे होतं. मुरमुरे पाण्यातून काढून मुठीत घट्ट पिळायचे तर मनगट लागतं. तू पिळून परातीत टाकलेल्या गोळ्यावर तुझी चार बोटं उमटलेली असायची, मी ती मोडून खायचे, वर साखर घालून. तू म्हणायचीस, फोडणी तरी होऊ दे. त्या मनगटानं आता दुधाचं पातेलं उचलवत नाही, आणि आम्ही इथून अंगठे दाखवायलोत.

तुला आठवतं का, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले आणि पहाटे चारच्या सुमाराला घर हललं. किल्लारीकडं काय झालंय ते उजाडल्यावर कळायला लागलं. घरात पाऊल टाकायला कुणी धजेना. तू मात्र पळत आत जाऊन स्टोव्ह, कढई आणि मुरमुऱ्यांचा डबा घेऊन आलीस, बाबा मागून ओरडायले. अख्ख्या गल्लीला सुशीला. कांदा नाही, लिंबू नाही, डाळ्याचं कूट तेवढं वरून. मी सहा वर्षांची, तुझा पदर धरून उभ्यानं खाल्ली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायलं, तेव्हाही तुझा नाष्टा चुकला नाही, मुरमुरे भिजवलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत. अशा बाईच्या तोंडून "मला होत नाही" निघणार नाही. म्हणून तुझ्या वतीनं मी ठरवलं.

मी स्वतः यायला पाहिजे, हे मलाही समजतं. रात्री तेच डोक्यात असतं. पण पोराची दहावी मार्चमध्ये आहे आणि रजा सगळ्या प्लास्टरच्या वेळी संपल्या. तुम्हाला इकडं आणावं तर आठव्या दिवशी "इथल्या ज्वारीला चव नाही" म्हणून बाबांनी पिशवी भरलेली. तो विषय आता काढत नाही.

बाबा, आता तुमचं. साखरेची गोळी नाष्ट्याच्या आधी घ्यायची आणि वर बटर बुडवून खायचा, याला नाष्टा म्हणत नाहीत. बँकेच्या रांगेत घाम फुटून हात थरथरले ते "ऊन लागलं" नव्हतं. डिसेंबरात कसलं ऊन? गोळी साखर उतरवणार, पोटात पुरेसं काही नसलं की जरा जास्तच उतरवणार. पुन्हा तसं वाटलं तर तिथंच बसायचं, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि बरं वाटलं की काहीतरी खायचं. बाहेर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. डॉक्टरांना हे सांगा, मनानं गोळी बंद करू नका. पुढच्या वेळी दादा सोबत येईल, त्याला बाहेर बसवू नका.

वहिनींना मी सगळं सांगितलंय. सुशीला आठवड्यातून एकदाच, मुरमुरे शेवटी तांदळाचेच. बाकी दिवस मुगाचं धिरडं, ज्वारीच्या कण्या, धपाटं आणि दही. शिळी भाकरी उरली तर कुस्करून फोडणी द्या, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा घ्या; ते तुम्हाला कुठल्याही इडलीपेक्षा जास्त आवडतं, मला माहीत आहे. मीठ मात्र बेतानं. वरून मागून घ्यायचं नाही.

आई, तुझं स्वयंपाकघर कुणी घेत नाही. मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही, असं मीच त्यांना बजावलंय. मळायचं, थापायचं, पिळायचं त्यांनी. फोडणी तूच दे, पण स्टुलावर बसून, आणि ओट्याजवळचं ते पायपुसणं काढून टाक. मोरीत पडलीस तसं पुन्हा नको. त्यांचा हात तेलाला सढळ आहे असं तू पहिल्याच दिवशी म्हणशील. म्हण. पण त्यांच्यासमोर नको, आणि आठवडाभर तरी थांब. धपाटं फडक्यावर थापून मधे भोक पाडायचं, हे त्यांनाही येतं, शिकवायला जाऊ नकोस. बरं, शिकव थोडं.

येळवसीला, वेळ अमावस्येच्या सणाला, येतेच आहे. भज्जीच्या भाज्या निवडायला मी आणि काकू बसू, तू खाटेवरून सांग. पिठाचे उंडे मी वळीन, वाकडे झाले तरी नावं ठेवायची नाहीत. आंबील मात्र तुझीच पाहिजे, ती मला जमत नाही आणि शिकायचीही नाही.

सोमवारी ताट वाढलं की फोटो टाक. हात दिसू दे. बांगड्या मी येताना आणते, सव्वादोनच्या. सूज उतरली नसेल तर सांग, अडीचच्या आणीन.

तुमची,
बारकी

ता. क. बाबा, बटरचा पुडा शेजारच्या पोरांना देऊन टाका. मी वहिनींना विचारणार आहे.