संध्याकाळी तो जागा होता

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूनं उभी राहते, बरेचदा विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या खटल्यांत. नवऱ्याच्या खुनाच्या एका खटल्यात सरकारी वकिलांनी युक्तिवादात विचारलं, "मार संध्याकाळी बसला, मग बाई रात्री दोनपर्यंत का थांबली?" पिंजऱ्यातली ती बाई डाव्या हाताची करंगळी पदराखाली लपवत होती. मोडून वाकडीच जुळलेली. उत्तर त्या करंगळीत होतं: संध्याकाळी तो जागा होता.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 चा पहिला अपवाद "गंभीर आणि आकस्मिक" प्रक्षोभ मागतो. तो सिद्ध झाला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध हा कमी गंभीर गुन्हा ठरतो. कसोटी मुख्यतः 1961 च्या नानावटी निकालाची, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्याची: आरोपीच्याच सामाजिक वर्गातला समंजस माणूस त्या परिस्थितीत तोल घालवून बसला असता का? मृताची आधीची कृत्यं विचारात घेता येतात, हेही त्याच निकालात आहे. पण राग निवायला वेळ मिळाला, की दार बंद. नौदलातल्या त्या अधिकाऱ्याला पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यातलं तीन तासांचं अंतर नडलं. त्याच्या बाबतीत ते मला पटतं. पण तेच घड्याळ मार खाणाऱ्या बाईला लावलं, की तिची भीती थंड डोक्यानं केलेला कट ठरते. तत्क्षणी उलटून मारणं ज्याच्या अंगात बळ आहे त्यालाच जमतं, आणि आपला "समंजस माणूस" त्याच्याच मापाचा आहे.

मद्रास उच्च न्यायालयानं 1989 मध्ये, गुवाहाटीनं 2013 मध्ये सततच्या, म्हणजे दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार मान्य केला. 2024 पासून नवी संहिता लागू झाली, तरी "आकस्मिक" शब्द जसाच्या तसा राहिला. इंग्लंडनं 2009 च्या कायद्यात ही आकस्मिकतेची अट काढली, सूडबुद्धीनं केलेला खून मात्र बाहेरच ठेवला. शिवाय जोडीदाराचा व्यभिचार एवढंच कारण पुरेसं नाही, असंही लिहिलं.

यानं खुनी मोकळे सुटतील ही भीती मी बार रूममध्ये रोज ऐकते. पण सदोष मनुष्यवधालाही कलम 105 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहेच.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राष्ट्रपतींच्या संमतीनं राज्याला दुरुस्ती करता येते. दीर्घकाळच्या छळातून साचलेला प्रक्षोभ या अपवादात धरावा आणि मधे गेलेल्या वेळेमुळेच तो नाकारू नये, एवढं एक स्पष्टीकरण कलम 101 ला जोडणारं विधेयक आपण येत्या अधिवेशनात मांडावं, ही विनंती.

आपली,
एक वकील